उताराचे माप

पूर्व केंटकीच्या लेचर काउंटीत, आपल्या जुन्या दप्तरी भाषेत सांगायचे तर त्या परगण्यात, डोंगरांच्या सोंडा एकमेकींच्या इतक्या निकट येऊन उभ्या राहिल्या आहेत की, दोन सोंडांमधील चिंचोळ्या घळीत, जिला तेथील लोक ‘हॉलर’ म्हणतात, जून महिन्यातही सूर्याचे प्रत्यक्ष दर्शन सकाळी बऱ्याच उशिरा घडते. ओहायो राज्यातील आमच्या मंडळीतून निघालेले आम्ही चौदा जण त्या घळीच्या तोंडाशी उभे होतो तेव्हा साडेसात वाजले होते. ओढ्यावरचे धुके अद्याप उठले नव्हते आणि ट्यूलिप पॉप्लरच्या उंच खोडांचे शेंडे त्या धुक्यात दिसेनासे झाले होते. उन्हाळ्याच्या सुटीत एक आठवडा डोंगराळ भागात जाऊन गरजवंतांची घरे दुरुस्त करण्याच्या ज्या उपक्रमाला अमेरिकेतील चर्चमध्ये ‘मिशन ट्रिप’ म्हणतात, त्यातील तो दुसरा दिवस होता. माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे लेखणी आणि कागद यांच्या सहवासात गेली असल्यामुळे पहार, करवत आणि पाणसळ यांच्याशी माझी ओळख नव्हती. त्या एका दिवसात ती झाली, आणि तिच्याबरोबरच सेवा या शब्दाची जी कल्पना मी लहानपणापासून मनात बाळगून होतो तीही काहीशी बदलली.

कामाला हात घालण्यापूर्वी प्रार्थना करावी हा आमचा शिरस्ता. पाळकबाईंनी त्या दिवशी मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाची कथा वाचली. चौघे जण त्याला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही म्हणून घराचे छप्पर उघडतात, आणि त्या खिंडारातून त्याला येशूच्या पुढ्यात सोडतात. ही कथा मी अहमदनगरच्या ख्रिस्ती देवळात (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) लहानपणी अनेकदा ऐकली होती, आणि ऐकताना माझे सारे कौतुक त्या चार खांदेकऱ्यांच्या वाट्याला जात असे. आमच्या कामावर देखरेख करणारा सुतार मात्र त्याच घळीत जन्मलेला, साठी ओलांडलेला, मितभाषी गृहस्थ होता. प्रार्थना आटोपल्यावर तो एवढेच म्हणाला, “त्या गोष्टीचा शेवट विसरू नका. तो माणूस परत जाताना कोणाच्या खांद्यावर गेला नाही. आपली बाज स्वतः उचलून चालत गेला.” मग कामाच्या घराकडे वळण्याऐवजी तो आम्हांला रस्त्याच्या पलीकडील एका घरासमोर घेऊन गेला.

त्या घराच्या ओसरीला एक लाकडी रॅम्प लावलेला होता. बांधणी मजबूत होती, लाकूड चांगले होते, खिळेही ओळीत मारलेले होते. परंतु त्या उताराच्या प्रत्येक दोन-तीन फळ्यांवर एकेक कुंडी ठेवलेली होती आणि कुंड्यांतून जिरेनियमची तांबडी फुले डोलत होती. काही वर्षांपूर्वी कोणा परगावच्या सद्भावनाशील मंडळीने तो एका दुपारी उभारून दिला होता. ओसरीची उंची चोवीस इंच आणि रॅम्पची लांबी अवघी आठ फूट. म्हणजे चार फूट पुढे जाताना एक फूट खाली. ज्या वृद्धेसाठी तो बांधला होता तिने चाकांच्या खुर्चीतून तो एकदाच उतरून पाहिला, आणि पुन्हा कधीही नाही. सुतार म्हणाला, “ज्यांनी हा बांधला ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी मोजले नाही, इतकेच.” या वाक्यात दोषारोपाचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते दिवसभर माझ्या मनात राहिले.

उताराचे जे माप या कामात प्रमाण मानतात ते एकास बारा असे आहे: उंची एक इंच असेल तर उताराची लांबी एक फूट. हे माप कोणाच्या लहरीतून आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या तरुणांना विद्यापीठात शिकता यावे यासाठी इलिनॉय विद्यापीठात १९४८ साली टिमथी न्यूजेंट यांनी एक कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच प्रयत्नांतून पुढे १९६१ साली इमारती अपंगांना वापरता याव्यात यासाठीचे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय मानक तयार झाले. १९९० च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींवर अशा मापांचे बंधन आले. खासगी घराला तो कायदा लागू नसला, तरी शरीराला लागू असलेला निसर्गाचा कायदा घर आणि कचेरी यांत भेद करीत नाही. माणूस, खुर्ची आणि तिच्या पाठीशी टांगलेले प्राणवायूचे नळकांडे मिळून शंभर किलो वजन धरले, तर एकास बारा उतारावर ते वर ढकलण्यास आठ किलोहून थोडा अधिक जोर लागतो. कुंड्यांच्या त्या रॅम्पवर तोच जोर चोवीस किलोंच्या वर जातो. उतरतानाही तेवढाच जोर माणसाला खाली खेचीत असतो, आणि त्याला अडवायला दोन तळहातांपलीकडे काही नसते.

ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो त्या गृहस्थाच्या बाबतीत हा हिशेब अधिकच निकराचा होता. त्याने सत्तावीस वर्षे कोळशाच्या खाणीत छताला बोल्ट मारण्याचे काम केले होते. खाण पुढे सरकत जाते तसे वरचे खडक उघडे पडतात, आणि ते कोसळू नयेत म्हणून त्यांत भोके पाडून लांबलचक पोलादी बोल्ट ठोकावे लागतात. ते काम करणाऱ्याच्या डोक्यावरून खडकाची भुकटी अखंड गळत असते. कोळशाचे जाड थर संपत आल्यावर पातळ थरांसाठी वरखालचा वालुकाश्मही कापावा लागू लागला, आणि त्यातील सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीहूनही घातक असते. या धुळीने होणारा काळ्या फुप्फुसाचा विकार १९६९ च्या खाण-सुरक्षा कायद्यानंतर हळूहळू नाहीसा होईल अशी आशा होती. परंतु २०१६ साली याच राज्यातील पाइक काउंटीतल्या एकाच क्ष-किरण तज्ज्ञाच्या दप्तरात, वीस महिन्यांत आलेल्या रुग्णांपैकी साठ जणांना या विकाराचे सर्वांत उग्र रूप झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. आमच्या यजमानाची छाती अशीच जडावलेली होती. त्यातच मधुमेहाने त्याचा एक पाय गुडघ्याखाली घेतला होता. ओसरीपासून अंगणापर्यंत चार लाकडी पायऱ्या होत्या. दवाखान्याच्या तारखेला दोन नातू येत, खुर्चीसह त्याला उचलून खाली ठेवीत आणि परत आल्यावर उचलून वर ठेवीत. एरवी तो ओसरीत बसून रस्त्याकाठची आपली टपालपेटी पाहत असे. ती तेथून पन्नास-साठ पावलांवर होती.

आमच्यापैकी दोघे आदल्या दिवशी येऊन लाकूड उतरवून गेले होते आणि त्यांनी कागदावर आराखडाही काढून ठेवला होता: ओसरीची उंची सव्वीस इंच, सबब रॅम्प सव्वीस फूट, सरळ. सुताराने तो कागद पाहिला, आणि काही न बोलता ओसरीच्या कडेला एक खिळा मारून त्याला सूत बांधले. दुसरे टोक हातात घेऊन तो मोटार उभी राहते त्या खडीच्या जागेपर्यंत गेला. सुतावर त्याने एक लहानशी पाणसळ अडकवली, तिच्यातील बुडबुडा मध्यावर येईपर्यंत सूत वरखाली केले आणि मला पट्टीने जमिनीपर्यंतचे अंतर मोजावयास सांगितले. मी मोजले. ते तेहतीस इंच भरले. ओसरीखालच्या जमिनीपासून रॅम्प जेथे संपायचा तेथपर्यंत अंगण आणखी सात इंचांनी खाली गेलेले होते. डोळ्यांना ते सपाट दिसत होते, परंतु सुताला ते सपाट नव्हते. आराखडा करणाऱ्यांनी उंची घेतली ती रॅम्प जेथून सुरू होतो तेथे. घ्यावयाची असते ती तो जेथे टेकतो तेथे. आराखड्याप्रमाणे बांधकाम झाले असते तर शेवटचे पाऊल सात इंच अधांतरी राहिले असते, किंवा ते जमिनीला टेकविण्यासाठी उतार तीव्र करावा लागला असता, आणि आणखी दोन-चार वर्षांनी तेथेही कुंड्या आल्या असत्या.

मग ओट्यावर बसून नवा हिशेब झाला. तीस इंचांहून अधिक उंची एका दमात उतरू नये, मध्ये सपाट चौक द्यावा, असा नियम आहे. चौकात खुर्ची वळवायची असेल तर तो पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद असावा. सतरा फूट उतार, मग चौक, तेथे काटकोनात वळण, आणि पुढे सोळा फूट उतार, असे ठरले. निरोगी माणसाला चौक ही केवळ वळण्याची जागा वाटते. यजमान ओसरीतून हे सारे ऐकत होता, तो नाकातील नळी सारखी करीत म्हणाला, “ती मला श्वास घ्यायची जागा होईल.” नियमाचे पुस्तक ज्याने लिहिले त्यालाही त्या कलमाचा अर्थ याहून थोडक्यात सांगता आला नसता.

चौक काटकोनात बसविण्यासाठी सुताराने जी युक्ती वापरली ती पाहून मला परमुलखात एकाएकी घरचे माणूस भेटावे तसे झाले. त्याने एका सुतावर सहा फुटांची खूण केली, दुसऱ्यावर आठ फुटांची, आणि त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर दहा फूट भरेपर्यंत एक खुंटी इकडेतिकडे सरकवली. तीन, चार आणि पाच यांचा हा संबंध बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्याच्या संदर्भात आलेला आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. वेदी तिरपी झाली तर कर्म विफल होते अशी त्या प्राचीन याज्ञिकांची श्रद्धा होती, आणि रॅम्प तिरपा झाला तर माणूस पडतो हे त्या सुताराचे ज्ञान होते. पवित्र कर्माला अचूक दोरी लागते, याबाबत दोघांचे एकमत आहे असे मला वाटले.

खांब सोळा होते. त्या भागात हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि उथळ खांबांना वर उचलते, म्हणून प्रत्येक खड्डा दोन फूट खोल घ्यावयाचा होता. दोन दांड्यांना दोन अर्धगोल पाती असलेले एक अवजार असते; ते उभे आपटायचे, दांड्या फाकवून माती पकडायची आणि वर काढायची. पहिल्या फुटापर्यंत ओली काळी माती आली, नंतर पिवळी चिकण माती, आणि मग पत्र्यासारखे पापुद्रे निघणारा करडा खडक, ज्याच्यावर पहारीशिवाय काही चालेना. एका खड्ड्यातून मी कोळशाची एक चपटी ढलपी वर काढली. ती हातात घेऊन सुतार म्हणाला, “ही तुझी नाही, या घरधन्याचीही नाही, आमच्या आजोबांनी विकून टाकली.”

त्या उद्गारामागे या डोंगरांचा सारा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दूरच्या भांडवलाचे मुखत्यार या घळींतून फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून जमीन नव्हे, तर जमिनीच्या पोटातील खनिजाचा हक्क लिहून घेतला. पुष्कळदा एकरी अर्धा डॉलर इतक्या किमतीला, आणि पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या फुलीच्या सहीवर. पुढे डोंगराचा माथा यंत्राने खरवडून कोळसा काढण्याची पद्धत आली, तेव्हा न्यायालयांनी त्या जुन्या दस्तऐवजांचा अर्थ असा लावला की, खनिज काढण्यासाठी वरची जमीन, शेत, झाडे, वाट्टेल ते उलथण्याचा अधिकार कंपनीला आहे. १९६५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या नॉट काउंटीत ऑली कोंब्ज नावाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरामागच्या उतारावर बुलडोझरपुढे बसून राहिली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेल्याचे छायाचित्र देशभर छापले गेले. या दस्तऐवजांचा तो अर्थ कायमचा रद्द करणारी घटनादुरुस्ती केंटकीच्या मतदारांनी १९८८ साली मंजूर केली. म्हणून या डोंगरांतील दारिद्र्याला नुसते दारिद्र्य म्हणणे मला अपुरे वाटते. येथून संपत्ती बाहेर गेली आहे, आणि तिच्याबरोबर काही माणसांचा श्वासही गेला आहे. तेथे आठवडाभरासाठी हातोडी घेऊन येणाऱ्याने आपण दान देण्यास आलो आहोत असे मानण्यापूर्वी एवढा जमाखर्च वाचलेला असावा.

अकरा वाजेपर्यंत खड्डे झाले. त्यांत खांब उभे करून, दोन बाजूंनी पाणसळ लावून ओळंब्यात आणून, तिरकस पट्ट्यांनी जखडले. मग लवकर घट्ट होणारे काँक्रीटचे कोरडे मिश्रण ओतून वर पाणी सोडले. अर्ध्या तासात ते आवळते, परंतु भार सोसण्यास चार तास लागतात, आणि त्या चार तासांत कोणीही खांबाला टेकून उभे राहू नये अशी सुताराची सक्त ताकीद होती. जेवण यजमानीणबाईंनी केले होते. चौदा परक्या माणसांना जेवू घालण्याची ऐपत त्या घरात असावी असे घराकडे पाहून वाटत नव्हते. पण आमचे डबे उघडू देण्यास त्यांनी ठाम नकार दिला. डुकराच्या हाडाबरोबर मंद आचेवर सकाळपासून शिजवलेला घेवडा, बिडाच्या तव्यात भाजलेली मक्याची जाड भाकर आणि वर चिरलेला कच्चा कांदा, असा तो बेत होता. भाकर, उसळ आणि कांदा समोर आल्यावर नगरचा माणूस आपण कोठे आहोत हे क्षणभर विसरला तर त्यात नवल ते काय!

जेवण ओसरीतच झाले. या डोंगरांच्या कथेत ओसरीला स्थान आहे. २४ एप्रिल १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन येथून फार दूर नसलेल्या आयनेझ गावाजवळ एका बेकार माणसाच्या घराच्या ओसरीत बसले आणि दारिद्र्याविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेला त्या दृश्याने एक चेहरा दिला. त्यानंतर साहाय्य पुष्कळ आले, साहाय्यकही पुष्कळ आले. १९६९ साली ग्लेन ‘टेक्स’ एव्हान्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने बार्बरव्हिल येथे पन्नास स्वयंसेवकांकरवी चार घरे दुरुस्त करून जी प्रथा सुरू केली, तिच्यामुळे आज दर उन्हाळ्यात हजारो तरुण या घळींत येतात. यजमानाने सांगितले की, त्याच्या घराचे छप्पर अशाच एका तुकडीने केले आणि ते आजवर गळलेले नाही. कुंड्यांचा रॅम्पही अशाच एका तुकडीचा. दोन्ही तुकड्यांनी सकाळी प्रार्थना केली असेल, दोन्हींच्या मनात प्रेम असेल. भेद पडला तो स्थानिक माणसाचे ऐकण्यात आणि माप घेण्यात.

दुपारच्या त्या विसाव्यात मी यजमानाला माझ्या गावाची हकीकत सांगितली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि १८३१ साली त्यांच्या मराठी मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले. त्यांच्यापैकी जे मराठी शिकले, आमच्या माणसांत बसले, त्यांच्या हातून १८४२ साली ‘ज्ञानोदय’सारखे नियतकालिक उभे राहिले. सिंथिया फरार या अविवाहित बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे धडे ज्यांच्याकडून मिळाले त्यांत त्यांचे नाव घेतले जाते; त्यांचा देह अखेर नगरच्याच मातीत विसावला. त्याच मिशनच्या शाळेत माझी आजी अक्षरे शिकली. यजमानाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तू ते फेडायला आलास?” मी नाही म्हणालो. अशी ऋणे फिटत नाहीत, आणि फेडण्याची भाषाही त्यांना शोभत नाही. परंतु जे मिशनरी आमची भाषा मोजून, तोलून शिकले त्यांचेच काम टिकले, आणि ज्यांनी आम्हांला न ऐकताच आमचे हित ठरवले त्यांचे टिकले नाही, हे मला त्या ओसरीत बसून अधिक स्पष्ट दिसले.

साडेतीनला खांबांनी भार घेण्याची मुदत पुरी झाली. मधल्या वेळात जमिनीवरच चौकटी जोडून ठेवल्या होत्या. दोन इंच जाडीच्या आणि आठ इंच उंचीच्या तुळ्या, सोळा-सोळा इंचांवर. लाकूड दक्षिणेकडील पिवळ्या पाइनचे, दाब देऊन औषध मुरवलेले. ओले, जड आणि फिकट हिरवट. पूर्वी या औषधात आर्सेनिक असे; २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते काढून घेतले गेले आणि तांब्याची द्रव्ये आली. तांबे साध्या लोखंडाला खाते, म्हणून खिळे आणि स्क्रू जस्ताच्या किंवा खास लेपाचेच वापरावे लागतात. साधा खिळा मारला तर तो आतल्या आत कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. आमच्यातील सोळा वर्षांच्या एका मुलाने स्वतःच्या पेटीतला मूठभर साधे खिळे वापरले होते. सुताराने ते रागावून नव्हे, तर त्याला शेजारी बसवून, एकेक करून त्याच्याच हाताने उपटायला लावले, आणि प्रत्येक भोकात नवा खिळा मारून घेतला. त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाबद्दल कोणी कुरकूर केली नाही.

चौकटी चढल्या. प्रत्येक टप्प्यावर पाणसळ आणि पट्टी लावून उतार तपासला: चार फुटांना चार इंच, पुन्हा चार फुटांना चार इंच. एके ठिकाणी तीन सुतांचा फरक निघाला, तेव्हा चौकट उतरवून पुन्हा बसवली. मग फळ्या: जाण्याच्या दिशेला आडव्या, म्हणजे चाक फटीत अडकणार नाही, ऐंशीच्या वर फळ्या, दर फळीला आठ स्क्रू. लाकूड ओले असताना फळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटवूनच बसवायच्या, कारण ते वाळले की फट आपोआप पडते. आधीच फट सोडली तर उन्हाळा सरेपर्यंत ती चाक गिळण्याएवढी होते. दोन्ही कडांना चार इंचांची पट्टी, चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. तळाशी, जेथे लाकूड संपून जमीन लागते, तेथे काँक्रीटचा एक पट्टा, इतका जुळवून केलेला की हाताचा तळवा फिरवला तर सांधा जाणवू नये. कारण चालणाऱ्या माणसाला जी कड दिसतही नाही, तिच्यावर चाकांच्या खुर्चीची पुढची लहान चाके ठेचकाळतात. हे सांगताना सुताराने माझा तळवा धरून त्या सांध्यावरून फिरवला. तोवर मी हातांनी काम करीत होतो. त्या क्षणी मी ते हातांनी जाणले.

साडेआठ वाजले. घळीत काळोख उतरू लागला आणि ओढ्याकाठच्या गवतातून काजवे वर येऊ लागले. उतार पुरा झाला होता, चौक पुरा झाला होता. कठडा राहिला होता. आमच्यातील तरुणांची फार इच्छा होती की, यजमानाने आजच, आमच्या देखत, एकदा खाली उतरावे. कोणी कॅमेरा काढला, कोणी म्हणाले, आम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहतो, आम्हीच कठडा होतो. सुताराने नकारार्थी मान हलवली, एक लांब फळी उचलली आणि ओसरीच्या कडेला, रॅम्पच्या तोंडावर आडवी ठोकून वाट बंद केली. क्षणभर सारे हिरमुसले. तेव्हा ओसरीतून यजमानाचा आवाज आला. खाणीत पहिल्या दिवशी जो नियम शिकवतात तो त्याने सांगितला: बोल्ट न मारलेल्या छताखाली पाऊल टाकायचे नाही, मग पलीकडे काहीही असो. “मी सत्तावीस वर्षे तो पाळला,” तो म्हणाला, “म्हणून तुम्हांला भेटायला जिवंत आहे. उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा बसला, रॅम्पच्या फळ्यांपासून छत्तीस इंचांवर, हाताला कूस लागू नये म्हणून रंध्याने गोल केलेला. अकराच्या सुमारास सुताराने आडवी फळी काढली. यजमान आपला आपण निघाला. दोन्ही तळहात चाकांवर, प्राणवायूचे नळकांडे पाठीशी. सतरा फूट उतरून तो चौकात थांबला आणि त्याने श्वास घेतला. वळला, सोळा फूट उतरला, खडीवर अंथरलेल्या फळ्यांवरून रस्त्यापर्यंत गेला आणि टपालपेटी उघडली. आत विजेचे देयक आणि किराणा दुकानाचे एक पत्रक होते. ती दोन्ही मांडीवर ठेवून तो परत फिरला, चढताना चौकात बराच वेळ थांबला, आणि ओसरीत येऊन पोहोचला. या सबंध वेळात आमच्या चौदा जणांपैकी कोणीही त्याला हात लावला नाही, आणि त्या आठवड्यात आमच्याकडून घडलेली सर्वांत मोठी सेवा तीच होती असे माझे मत आहे.

हे वाचणाऱ्यास एकच विनंती करतो. आपल्या गावच्या शाळेला, दवाखान्याला, देवळाला, कचेरीला रॅम्प असेल, तर एखाद्या सकाळी मोजपट्टी घेऊन जावे आणि तो मोजून पाहावा. उंची घ्यावी ती तो जेथे जमिनीला टेकतो तेथून. एक इंचास एक फूट भरत असेल तर तो रस्ता आहे. भरत नसेल, तर त्यावर कुंड्या येण्यापूर्वी तो पुन्हा बांधून घ्यावा.